चांगला किडका हरभरा

चैत्र लागला की अमरावतीच्या आमच्या गच्चीवर माझं राज्य सुरू होतं. एरवी ही गच्ची सुनेच्या वाळत घातलेल्या कपड्यांची आणि नातवाच्या क्रिकेटची. पण एकदा गहू-हरभरा घरात आला की चटया अंथरायच्या, धान्य पसरायचं आणि कुणी वर आलं की "चपला खाली काढा" म्हणून ओरडायचं, हा हक्क माझा. दुपारी दीडच्या उन्हात हरभऱ्यात हात घातला तर पोळतो. संध्याकाळी तोच हरभरा कोमट असतो, आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून नुसतं बसावंसं वाटतं. मागच्या बोळात कडुनिंबाचं झाड आहे. त्याचा पाला काठीने पाडून मी सावलीत वाळवते. उन्हात नाही, सावलीत. माझी आई तसंच करायची. मग कोठीत धान्याचा थर, पाल्याचा थर, पुन्हा धान्याचा थर. झाकण बसलं की वर्षाची काळजी मिटली.

पाला हातात घेतला की मात्र दरवर्षी मला अकोल्याचा तो एक उन्हाळा आठवतो. आपल्या हातून झालेलं माणूस हळूहळू विसरतो म्हणतात. माझ्या चुकीला दर चैत्रात नवी पालवी फुटते, मी कशी विसरणार?

मी अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अळ्या पाळायची नोकरी केली. कागदावर पद होतं 'प्रयोगशाळा परिचर', आणि त्यापुढे कंसात 'कंत्राटी'. दर्यापूरला माहेरी जाताना बसस्टँडवर ओळखीचं कुणी भेटायचंच. "काय करून राह्यली वो अकोल्याले?" मी सांगायची, अळ्या पाळते. समोरच्याला वाटायचं बाई थट्टा करते आहे. बरोबरच होतं त्यांचं. ज्या घाटेअळीसाठी आमच्याकडची माणसं पाठीवर पंप बांधून हरभऱ्यात आणि कपाशीत फिरतात, तिला मी वाटीत जेवायला घालत होते, तिच्या बाळंतपणाची काळजी करत होते, आणि ती दगावली तर मला चैन पडत नव्हतं. माझ्या मोठ्या भावाने तर एकदा सरळ विचारलं होतं, "आमी मारून राह्यलो न् तू वाढवून राह्यली, म्हंजे तू कोनाच्या बाजूनं हायेस?"

भावाला समजावणं सोपं नव्हतं. अळी मारायचं नवं औषध करायचं असेल तर आधी ते अळीवर करून बघावं लागतं, आणि त्यासाठी बाराही महिने एका वयाच्या, एका तब्येतीच्या, निरोगी अळ्या हाताशी लागतात. त्या शेतातून पकडून आणलेल्या चालत नाहीत. त्यांची वंशावळ खोलीतच चालवावी लागते, पिढीमागून पिढी. आमच्या खोलीत असा एक वंश कित्येक वर्षं नांदत होता. त्यातल्या कुणीही कधी शेत पाहिलेलं नव्हतं.

ती खोली. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, डांबर चपलेला चिकटायचं, आणि आत बाराही महिने सव्वीस अंश. अळ्यांसाठी. उन्हाळ्यात त्या खोलीचं भाग्य उजळायचं. ऑफिसातले बाबू स्टेपलर मागायला यायचे. ज्यांना अळीची किळस होती अशा मॅडम "कशा आहेत तुमच्या अळ्या?" म्हणून चौकशीला यायच्या आणि पाऊण तास उभ्या राहायच्या. दाराशी खुर्ची टाकून गुलाबभाऊ बसलेले असायचे. गुलाबभाऊ म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने परिचर. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं मोजकं. ते म्हणायचे, "दार लावा जी. थंडी अळीसाठी हाय, मान्सासाठी नाही." येणारा ओशाळून निघून जायचा.

अळीला कसं हाताळायचं ते मला गुलाबभाऊंनीच शिकवलं. चिमट्याने धरायचं नाही. चित्रकलेचा बारीक ब्रश घ्यायचा, तिच्या तोंडापुढे टेकवायचा आणि थांबायचं. ती आपली आपण चढते. घाई केली तर अंगाची गुंडाळी करून बसते. आणि दोन अळ्या एका वाटीत कधी ठेवायच्या नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी एकच राहते आणि ती जरा जाड झालेली असते. म्हणून एका अळीला एक वाटी. अशा शेकडो वाट्या रोज उघडायच्या, बघायच्या, झाकायच्या. हे सगळं ते मला दाखवत असताना मी त्यांच्या हातांकडे बघत राहायची. जाड, शेतकऱ्याचे हात, आणि ब्रश धरलेला असा हलका. त्यांची बायको जाऊन त्या उन्हाळ्यात दोन वर्षं झाली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. दुपारी डबा घेऊन एकटेच खिडकीकडे तोंड करून बसत, आणि त्यांच्या डब्यात काय आहे हे आम्हा कुणाला कधी दिसलं नाही.

अळ्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. हरभरा मिक्सरमधून बारीक काढायचा, चाळायचा, त्यात यीस्ट, जीवनसत्त्वं आणि आणखी चार डब्यांतलं थोडं थोडं घालायचं, आणि चायना ग्रासच्या गरम पाण्यात ते सगळं घोटून वाट्यांत ओतायचं. थंड झालं की पिवळ्या वड्या तयार. वास असा सुटायचा की नवीन आलेले विद्यार्थी विचारायचे, ताई आज पिठलं आहे का? त्या वासाची मला अजून भूक लागते. आता घरात सून बेसन भाजते तेव्हा मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

त्या उन्हाळ्यात खोलीत सगळ्यात जास्त वेळ असायची ती नुझत. अकोल्याचीच. तिचे अब्बा गाद्या-रजया भरून द्यायचे, आणि कधीकधी तिच्या ओढणीला कापसाचा तंतू चिकटलेला असायचा. तो मी काढून द्यायची. नुझत पीएच.डी. करत होती. भातकुलीकडच्या एका शेताच्या मातीत तिला एक बुरशी सापडली होती आणि त्या बुरशीने घाटेअळी मरते असं तिचं म्हणणं होतं. दोनदा प्रयोग झाला होता, दोन्ही वेळा अळ्या मेल्या होत्या. तिसऱ्यांदा तसंच झालं की प्रबंध लिहून मोकळी. फेलोशिपची मुदत जूनअखेर संपत होती, आणि ती एकदा वाढवून झालेली होती, पुन्हा वाढणार नव्हती. "ताई, येवढं एक झालं न्, तं मी तुमाले माह्या हातची बिर्यानी खाऊ घालतो," ती म्हणायची. मुलगी असून वऱ्हाडी मुलींसारखी 'खाऊ घालतो', 'येतो', 'जातो' म्हणायची. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, साताऱ्याकडचे. त्यांना पहिली दोन वर्षं वाटत होतं की इथल्या मुली त्यांची चेष्टा करतात.

आता चुकीकडे येते. टाळून फार वेळ झाला.

मार्चमध्ये अळ्यांसाठी वर्षाचा हरभरा आला. सरांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून खास फवारा न मारलेला आणवला होता. मी तो ड्रममध्ये भरला. एप्रिलमध्ये झाकण उघडलं तर दोन भुंगे फिरताना दिसले. काळे, तिळाएवढे, हरभऱ्याला भोकं पाडणारे. मी झाकण पटकन बसवलं. वर्षाचा हरभरा किडला तर अळ्या खाणार काय? मग माझ्या हातांनी तेच केलं जे आईच्या, मावशीच्या, गावातल्या प्रत्येक बाईच्या हातांनी केलं असतं. आवारातल्या कडुनिंबाचा पाला पाडला, सावलीत वाळवला, आणि ड्रममध्ये थराथराने घातला. भरपूर घातला, कंजुषी केली नाही. कुणाला विचारलं नाही. उलट मनातल्या मनात खूश झाले की बघा, कुणी न सांगता काम केलं. किड्यांचं जेवण किड्यांपासून वाचवताना, ते जेवण कुणासाठी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जुनं पीठ मे महिन्यापर्यंत पुरलं. मग तो ड्रम उघडला. मोठी पानं मी वेचून काढली, पण वाळलेल्या पाल्याचा चुरा दाण्यांत मिसळायचा तो मिसळलेलाच होता. तो हरभऱ्याबरोबर दळला गेला. आणि नुझतचा तिसरा प्रयोग सुरू झाला.

बुरशी लावलेल्या अळ्या मरायला लागल्या तेव्हा तिला आनंदच झाला. पण ज्यांना काहीच लावलेलं नव्हतं, ज्या नुसत्या तुलनेसाठी ठेवल्या होत्या, त्याही खाईनाशा झाल्या. वाढ खुंटली. कात टाकायची वेळ आली तर कात अर्धी निघून अडकायची, आणि अळी त्या जुन्या कातडीत अडकूनच मरायची. हे बघवत नव्हतं. नुझत भिंगाखाली एकेक वाटी धरून बघत होती. सर आले, त्यांनीही बघितलं. म्हणाले, "वंशालाच रोग लागलेला दिसतो. एकदा लागला की अंड्यातून पुढे जातो. एक दिवस वाट बघू, नाहीतर सगळं उकळून टाकावं लागेल."

सगळं म्हणजे सगळं. अळ्या, कोष, अंडी, पतंग. आणि मग नवा वंश आणायचा कुठून? मे महिन्यात वऱ्हाडात एकाही शेतात हिरवं काडूक नसतं. काळी जमीन भेगाळून पडलेली. घाटेअळी मिळणार ती हरभरा पुन्हा पेरला जाईल, घाट्यांवर येईल तेव्हा, हिवाळ्यात. नुझतचं वर्ष जाणार होतं, आणि वर्षाबरोबर सगळंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वड्यांच्या वाट्या थंड करायला ठेवल्या होत्या. बोटाला थोडं लागलं होतं. घरच्या सवयीने मी ते बोट तोंडात घातलं.

कडू होतं.

मी तिथेच उभी राहिले. मग ड्रमपाशी गेले, शेजारच्या डब्यातलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. कडू. गुलाबभाऊ दारातून बघत होते. त्यांनी माझं तोंड बघितलं, ड्रम बघितला, खाली पडलेलं एक वाळकं पान बघितलं, आणि त्यांना न सांगता कळलं. दार ओढून ते आत आले.

"बोलू नोको," ते म्हणाले. "तुही कायम व्हायची फाईल सरांच्या टेबलावर हाय. लाइट चार दिस येत-जात होती, सारे त्याच्यावरच घेतीन."

"अन् नुझत?"

त्यांनी दार उघडलं. खुर्ची घेऊन पुन्हा बाहेर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी सरांनी सांगितलं की उद्या बुद्धपौर्णिमेची सुटी, परवा सकाळी सगळं उकळायला टाका. मी "हो सर" म्हणाले. नुझत काचेच्या बरण्या घासत होती, कुठे रोगाचा अंश राहिला असेल म्हणून. हात लाल झाले होते तिचे. मी तिच्याजवळून पर्स घेऊन निघून गेले. आयुष्यात मला माझी स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही.

घरी खीर केली. मुलगा तेव्हा आठवीत होता, त्याला पांढरा सदरा इस्त्री करून दिला. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेले. आमच्या लोकांना पंचशील म्हणायला शिकवावं लागत नाही, ते चालण्या-बोलण्यासारखं तोंडात असतं. सगळ्यांबरोबर मीही म्हणत होते. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे माझा आवाजच निघाला नाही. शेजारची बाई पाचवं म्हणून मोकळी झाली आणि मी चौथ्यावरच. कुणाच्या लक्षात आलं नाही. नोकरी कायम झाली तर दरवर्षी याच जागी येऊन हेच म्हणायचं आहे, असं मनात आलं आणि मी उठले. खिरीचं भांडं मुलाकडे दिलं आणि रिक्षा केली.

अळ्यांना सुटी नसते, म्हणून नुझत असणार हे मला ठाऊक होतं. ती होती. मला पांढऱ्या साडीत बघून म्हणाली, "जयभीम ताई, खीर आनली का?" मी तिला ड्रमपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. पाला कधी घातला, का घातला, काल बोट चाटलं ते.

तिने पीठ जिभेवर ठेवलं. स्टुलावर बसली. वाट्यांकडे बघत तिने विचारलं, "म्हंजे काल सरांनी उकळायला सांगतलं, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, वही काढली आणि विचारू लागली. पाला किती होता? ड्रम कोणत्या तारखेला उघडला? त्याआधीचं पीठ खाऊन कोषात गेलेले कोणते? मी सांगत गेले, ती लिहीत गेली. एका बरणीत भुशाखाली पासष्ट कोष होते. ते जुनं पीठ खाऊन कोषात गेलेले होते, म्हणजे त्यांच्या पोटात कडुनिंब नव्हता. तिने ती बरणी उचलून छातीशी धरली. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणायची थांबली. काम असलं की नुसतं काम सांगायची.

सरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुनंदाबाई," ते म्हणाले, "दहा वर्षं मी गावोगाव शेतकऱ्यांना सांगत फिरतोय, निंबोळीचा अर्क मारा, अळीची वाढ खुंटते, कात अडकते. आणि माझ्या खोलीत ते झालं तर मला ओळखू आलं नाही." ते हसले, पण ते हसू लवकर संपलं. मग म्हणाले, "कोष फुटायला चार-पाच दिवस. अंडी फुटायला तीन. तोपर्यंत स्वच्छ हरभरा आणा. नाही मिळाला तर तो वंशही गेला." माझ्या फाईलबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

स्वच्छ हरभरा. ऐकायला किती सोपं. पाकिटातलं बेसन चालत नव्हतं, त्यात वाटाणा, मका काय काय असतं. दुकानातल्या हरभऱ्याला गोदामात गोळ्या लावलेल्या. ज्या शेतकऱ्याकडून आणला होता त्याने उरलेला विकून टाकला होता, आणि बाकीच्यांनी उभ्या पिकावर फवारे मारलेले, तेही या अळीसाठीच. राहता राहिली घरं. तर माझ्या घरी कडुनिंब. नुझतच्या अम्मीच्या पिंपात एरंडेल तेल चोळलेलं. आमच्या घरमालकिणीकडे राख, तिच्या बहिणीकडे लवंगा आणि सुक्या मिरच्या, पलीकडच्या गल्लीत बोरिक पावडर. सगळ्या बायका आपली कोठी अभिमानाने उघडून दाखवायच्या. बघा, एक भुंगा सापडतो का. अख्ख्या अकोल्यात किड्याला खायला एक दाणा सुरक्षित नव्हता. आपल्या बायका किती हुशार आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं आणि रडू यायला लागलं.

मग नुझतनेच डोकं चालवलं. किडलेला हरभरा शोधायचा. ज्यात भुंगे सुखाने नांदतात त्यात विष नाही, याला दुसऱ्या परीक्षेची गरज नाही. तिच्या स्कूटीवर मागे बसून मी दुकानं फिरले. दोघींची तोंडं ओढणी-पदराने बांधलेली, ऊन डोळ्यांवर उकळून येत होतं, आणि ती अक्षर बोलत नव्हती. एका दुकानात म्हातारा दुकानदार म्हणाला, "किडका? बाई, माह्या दुकानातला एक दाना किडका दाखवा."

"नाही जी, आमाले किडकाच पायजे," मी म्हणाले.

"चांगला किडका," नुझत म्हणाली.

दुकानदाराने आमच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आमच्याबरोबर शहाणं कुणी आलं आहे का म्हणून. बाहेर आल्यावर नुझतचे खांदे हलत होते. मला वाटलं हसते आहे. स्कूटी सुरू करताना तिने डोळे पुसले, तेव्हा नक्की काय ते कळलं नाही.

पाचव्या दिवशी पतंग निघाले. रात्रीतून त्यांच्या बरणीत टांगलेल्या कपड्यावर अंडी घातली गेली, पांढरी, खसखशीच्या निम्म्याने. आता तीन दिवस. त्या दिवशी जेवणाच्या सुटीनंतर गुलाबभाऊ सायकल ढकलत आवारात आले. कॅरिअरवर पोतं होतं. पोत्यातून पिवळी भुकटी सांडत होती आणि आवारभर तिची एक बारीक रेघ उमटली होती. पोतं खाली ठेवून त्यांनी तोंड सोडलं. आत हात घातला तर हरभरा हलका लागला, पोकळ. दाण्यादाण्याला भोक. भुंगे माझ्या मनगटावर चढले. नुझतने एक दाणा उजेडाकडे धरला आणि त्या भोकातून पलीकडे बघितलं.

"कुठून आनला भाऊ?" तिने विचारलं.

"घरचाच हाय. भाऊ वावरातून धाडत राह्यते दर साली." ते रुमालाने मान पुसत होते. "दोन साल झाले, म्या कोठी उघडली नाही. पाला टाकनारी राह्यली नाही न् घरात."

नुझतने हातातला दाणा पुन्हा पोत्यात टाकला. खिडकीकडे तोंड करून डबा खाणारा हा माणूस मी नऊ वर्षं रोज बघत होते. त्यांच्या घरात काय उरलं आहे हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "म्या तुले चूप राह्य म्हनलं होतं. तू आयकलं नाही, बरं केलं."

तो हरभरा आम्ही निवडला, भुंगे झाडले, भट्टीत तापवला, दळला. मी आधी चाखला, मग नुझतने, मग गुलाबभाऊंनी. गोड होता, जुना आणि थोडा मातकट, पण गोड. वड्या ओतल्या. अंडी फुटली. दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या ब्रशच्या टोकावर चढवून एकेक वाटीत सोडल्या. अळी खाते आहे की नाही हे पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. ते दुसऱ्या दिवशी कळतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर नुझत आधीच आलेली. भिंगावर वाकलेली. माझी चाहूल लागली तशी तिने मान वर केली, आणि तिचा सगळा चेहरा भरून आला होता.

"ताई," ती म्हणाली, "हागल्या."

वाटीत सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके होते. गुलाबभाऊही दारातून आत आले आणि आम्ही तिघं त्या ठिपक्यांकडे बघत उभे राहिलो. 'ताई' ऐकून मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी पदर डोळ्यांना लावला आणि बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

पुढचं थोडक्यात सांगते. तिसरा प्रयोग पुन्हा मांडावा लागला. फेलोशिप जूनला संपलीच. नुझतने त्यानंतरचे महिने सकाळी शिकवण्या घेऊन काढले, आणि प्रबंध दिवाळीनंतर दिला. बुरशीने अळ्या मेल्या, आणि ज्यांना काही लावलं नव्हतं त्या टुणटुणीत राहिल्या. बिर्याणी मिळाली. माझी फाईल माझ्याबरोबरच्यांपेक्षा दोन वर्षं उशिरा सुटली. उशीर त्या पाल्यामुळे की सरकारी चालीमुळे, हे मला कळलं नाही आणि आता कळून उपयोगही नाही. प्रबंधात अळ्यांच्या खाण्याच्या पानावर एक ओळ आहे. नुझतने मला तिचा अर्थ सांगितला. 'साठवणुकीत कोणतीही प्रक्रिया न केलेला हरभरा वापरला.' एवढंच. त्या उन्हाळ्यातलं सगळं त्या ओळीत बसलं आणि वाचणाऱ्याला काही कळणारही नाही.

गुलाबभाऊ निवृत्त झाले त्याच्या पुढच्या चैत्रात मी पिशवीभर पाला घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, झाडलेल्या, भांडी पालथी घातलेली. त्यांनीच चहा केला. कोठीत नवा हरभरा आलेला होता. मी विचारलं, "भाऊ, टाकू का पाला?"

त्यांनी कोठीचं झाकण काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "अर्ध्यात टाक. अर्धा राहू दे तसाच, तुमच्या अळ्यायसाठी."

नंतर दर चैत्रात मी जात राहिले. अर्ध्यात पाला, अर्धा तसाच. त्या निम्म्यावर आमच्या खोलीतल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. मग एका पावसाळ्यात ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या भावाने ते घर विकलं. मीही निवृत्त झाले आणि मुलाकडे अमरावतीला आले. नुझत आता इथेच एका कॉलेजात शिकवते. तिच्याकडेही एक लहानशी खोली आहे, सव्वीस अंशांची, त्या खोलीच्या दाराशी बसायला मात्र कुणी गुलाबभाऊ नाही.

काल गच्चीवर कोठ्या भरून झाल्या. सूनही हाताशी होती. शेवटी एक लहान पत्र्याचा डबा उरला. त्यात मी नुसताच हरभरा भरला आणि झाकण लावलं. सुनेने पाल्याची परडी पुढे केली. "आई, याच्यात टाकायचा राह्यला. मागल्या साली बी याच डब्यात भुंगे झाले होते."

"राह्यला नाही वो," मी म्हणाले. "तो गुलाबभाऊचा डबा आहे."

तिने गुलाबभाऊंना कधी पाहिलेलं नाही. तरी तिने परडी बाजूला ठेवली आणि तो डबा उचलून सगळ्यात आधी खाली नेला.